चेन ताणण्याआधी चेन मोजा: मोटरवाल्या सायकलची चेन दात का सोडते

सिग्नल सुटतो, तुम्ही थ्रॉटल पिळता आणि मागून ‘कडाक, कडाक’ असा आवाज येतो. सायकल हिसका देते, थांबते, पुन्हा हिसका देते. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवूनच उभा असतो.

साध्या सायकलला मोटरचं किट बसवलं की काही महिन्यांत हा आवाज बहुतेकांच्या वाट्याला येतो. त्यावर बहुतेक जण करतात ते एकच: चेन अजून ताणतात. मीही तेच केलं होतं. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाला लागलो, तर पहिल्याच वळणावर चेन पुन्हा उडायला लागली, आणि भरीला मोटरच्या बेअरिंगमधून घरघर सुरू झाली. एक दुखणं होतं, त्याची दोन झाली. चेन सैल असणं हे चेन उडण्याच्या सात-आठ कारणांपैकी एक आहे, हे मला त्यानंतर कळलं.

हा लेख ज्यांनी नुकतंच किट बसवलंय आणि हातात पाना धरायची तयारी आहे, त्यांच्यासाठी. माझी सायकल २६ इंची चाकाची, एकाच गिअरची. तिला २४ व्होल्ट, २५० वॉटची गिअरवाली मोटर (म्हणजे जिच्या आतच फेरे कमी करणारे गिअर असतात ती) मागच्या चाकाच्या पुढे, पट्टीवर बसवली आहे. म्हणजे चेन दोन: एक पायडलची आणि दुसरी मोटरची. तुमची सायकल सात गिअरची असेल तर तुमच्यासाठीही पुढे मजकूर आहे. पेट्रोल इंजिनाच्या किटबद्दल मात्र इथे काही नाही. तिथली चेन वेगळी, रुंद असते आणि भानगडीही वेगळ्या.

जोर कुठून जातो ते आधी बघा

मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात असेल, तर तिचा जोर चेनमधून जातच नाही. ती थेट चाक फिरवते. अशा सायकलची चेन उडत असेल तर मोटरला दोष देऊ नका. ते साध्या सायकलचंच दुखणं आहे. मोटर पायडलच्या जागी, मधोमध असेल, तर तिचा आणि तुमच्या पायांचा जोर एकाच चेनवर येतो. माझ्यासारखी बाजूला पट्टीवर असेल तर दोघांच्या चेन वेगवेगळ्या.

या तिसऱ्या प्रकारात मोटरच्या शाफ्टवर जे छोटं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र असतं, त्याला बहुधा फक्त ९ दात असतात. सगळी मेख तिथे आहे. २५० वॉटची मोटर गिअरमधून उतरून मिनिटाला साधारण ३०० फेरे देते. हिशेब केला तर त्या छोट्या स्प्रॉकेटवरून चेनवर येणारा ओढा चाळीस-पंचेचाळीस किलोंचा होतो, आणि उभ्या जागेवरून निघताना याहून बराच जास्त. पायडलवर उभा राहिलेला माणूस चेनवर याच्या दुपटीहून जास्त ओढा आणतो. मग पायडलची चेन का उडत नाही? कारण तिथे पुढच्या चक्राचे वीस-बावीस आणि मागच्या फ्रीव्हीलचे (पाय थांबले तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र) आठ-नऊ दात एकाच वेळी चेनमध्ये असतात. मोटरच्या स्प्रॉकेटचे जेमतेम चार. चेन थोडी लोंबली की तीन. शिवाय पाय हळूहळू जोर देतो, थ्रॉटल एकदम. म्हणून जी ढिलाई पायडलची चेन वर्षभर निमूट सोसते, तीच मोटरची चेन पंधरा दिवसांत चव्हाट्यावर आणते.

हात घालण्याआधी

बॅटरीचा प्लग ओढून बाजूला काढा. नुसती किल्ली बंद करून भागत नाही. सायकल उलटी करताना थ्रॉटल जमिनीला टेकतो, कोणीतरी सहज किल्ली फिरवतं, आणि तुमचं बोट चेन आणि दातांच्या मध्ये असतं. माझ्या तर्जनीचं नख असंच गेलं. पुन्हा आलं, पण वाकडं. चालत्या चेनला फडकं लावून पुसायची सवय असेल तर तीही आजच सोडा.

हत्यारं फार लागत नाहीत: १५ नंबरचा पाना (मागच्या चाकाचे नट बहुतेक त्याचे असतात, तरी स्वतःचे तपासून घ्या), मोटरच्या बोल्टांना लागणारे पाने, पक्कड, स्टीलची फूटपट्टी, दोन हात दोरा, जुना टूथब्रश, चिंध्या आणि वाटीभर डिझेल किंवा रॉकेल. चेन तोडायचं हत्यार असेल तर उत्तम. नसेल तर लॉक कडी (चेनची दोन टोकं जोडणारी, क्लिपची कडी) पकडीने निघते.

पायरी पहिली: नक्की कोण घसरतंय?

स्टँडवर सायकल लावून थ्रॉटल दिला तर सगळं छान फिरतं. त्यावर विश्वास ठेवू नका. भार नसताना झिजलेली चेनही शहाण्यासारखी वागते.

आधी बॅटरी काढलेली ठेवून चढावर नुसत्या पायडलने जा. उभं राहून जोर लावा. आवाज आला तर दोष पायडलच्या चेनमध्ये. नाही आला तर बॅटरी जोडा, पाय पायडलवर नुसते टेकवून ठेवा आणि सपाटीवर फक्त थ्रॉटलवर निघा. आता आवाज आला तर मोटरची चेन.

डोळ्यांनी बघायचं असेल तर आणखी एक युक्ती आहे. पुढचं चाक भिंतीला टेकवा, कोणाला तरी सीटवर बसवा, फोन मोटरजवळ जमिनीवर ठेवून स्लो मोशन चालू करा आणि थ्रॉटलला एक सेकंद, फक्त एक सेकंद, हात द्या. अडवून धरलेली मोटर खूप करंट ओढते आणि जास्त वेळ दाबलं तर कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा, तापतो. इथे ब्रेक दाबून ही चाचणी होत नाही. किटच्या ब्रेक लिव्हरमध्ये स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर बंद पडते. मी ब्रेक दाबून पाच मिनिटं ‘मोटरच गेली’ म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो. म्हणून भिंत.

व्हिडिओत तीनपैकी एक गोष्ट दिसेल. चेन दातांवर चढून पुढच्या दातावर आपटत असेल, तर ती खरोखर चेन उडतेय. चेन आणि फ्रीव्हीलची दातेरी कडा दोन्ही व्यवस्थित फिरतायत पण चाक जागेवरच, तर फ्रीव्हील आतून घसरतंय. आणि काहीच घसरत नाही, धातूचा आवाजही नाही, नुसते हिसके बसतायत, तर मोटरचा पुरवठा तुटतोय. बॅटरी उतरली की भाराखाली कंट्रोलर पुरवठा तोडतो, भार हलका झाला की पुन्हा देतो. त्याला लोक ‘गिअर घसरतो’ म्हणतात आणि चेन बदलून येतात. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून बघा, फुकट आहे.

पायरी दुसरी: चेन मोजा

सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. पिना आणि त्यावरची नळी झिजली की हे अंतर वाढतं. चेन ‘लांबली’ म्हणतात ती अशी. लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते आणि शंभर सांध्यांची मिळून ती दिसायला लागते. दात मात्र जुन्याच अंतरावर असतात. मग कडी दाताच्या तळाशी न बसता कडेवर चढते, आणि जोर आला की सुटते.

मोजायचं असं. चेन पुसून घ्या, पट्टी तिला लावा, शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिथून पुढची विसावी पिन शोधा. शून्यावरची पिन मोजायची नाही. नव्या चेनमध्ये ती बरोबर २५४ मिमीवर येते. सव्वा मिमी पुढे गेली असेल, म्हणजे २५५ च्या जरा पलीकडे, तर चेन बदलायची वेळ झाली. अडीच मिमी पुढे, म्हणजे साडे-२५६ च्या आसपास गेली असेल, तर नुसती चेन बदलून चालणार नाही. तिने एव्हाना दातही आपल्यासारखे करून ठेवलेले असतात. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती स्वतःच ताणली जाते. मोजताना चेन ओढलेली असू द्या, लोंबत नको.

माझी चेन मी ताणून ताणून वापरत होतो ती मोजली तेव्हा विसावी पिन २५७ वर होती. म्हणजे मी दोन आठवडे नट आवळत बसलो होतो, आणि चेन कधीच मेलेली होती.

नवी चेन घेताना रुंदी बघा. एकाच गिअरच्या सायकलची चेन आतून इंचाचा आठवा भाग रुंद असते, तीन मिमीच्या थोडी वर. गिअरवाल्यांची अरुंद, अडीच मिमीच्याही आत. दोन्हींचं पिनांमधलं अंतर एकच, त्यामुळे दुकानात शेजारी धरली तर सारख्या वाटतात. पण अरुंद चेन जाड दातांवर खाली बसतच नाही, वरच्यावर तरंगते आणि पहिल्याच चढाला उडते. उलट रुंद चेन बारीक दातांवर चालून जाते, फक्त थोडी डुलते. तेव्हा जुनी चेन पिशवीत घालून दुकानात न्या. तोंडी सांगू नका.

चेन जोडताना लॉक कडीच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी. उघडं तोंड पुढे ठेवलं तर क्लिप कशात तरी अडकून निघते आणि रस्त्यात सापडत नाही. एक जादा लॉक कडी सीटखाली ठेवा.

पायरी तिसरी: दात

चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा, बोथट टोकाचा असतो. झिजलेला एका बाजूला वाकलेल्या वाघनखासारखा दिसतो. सगळ्यात आधी मोटरवरचं ९ दातांचं स्प्रॉकेट झिजतं. मागच्या १८ दातांच्या फ्रीव्हीलच्या एका फेऱ्यात त्याचे दोन फेरे होतात, म्हणजे त्याच्या प्रत्येक दाताला दुप्पट काम. जुन्या दातांवर नवी चेन टाकली की ती जुनीपेक्षाही जास्त उडते. याचा लोकांना फार राग येतो आणि दुकानदाराशी भांडण होतं. चूक चेनची नसते.

काही किटमध्ये हे स्प्रॉकेट दोन्ही अंगांनी सारखं असतं. तसं असेल तर ते काढून उलटं बसवा, दातांची न वापरलेली बाजू कामाला येते. काढलंच आहे तर शाफ्टवरची पकडही बघा. हाताने धरून मागेपुढे हलवल्यावर स्प्रॉकेट शाफ्टपासून वेगळं ‘टकटक’ करत असेल, तर त्याचं भोक मोठं झालंय. तेही बदला.

पायरी चौथी: ताण, पण क्रमाने

इथे घाई करणारे सगळे फसतात. पायडलच्या चेनचा ताण मागचं चाक पुढेमागे करून ठरतो. मोटरच्या चेनचा ताण मोटर सरकवून ठरतो. चाक हललं की दोन्ही बिघडतात. म्हणून क्रम उलटा करून चालत नाही. पंक्चर काढून आणल्यावर दुसऱ्या दिवशी चेन उडते ती याचमुळे. चाक काढणाऱ्याने पायडलची चेन बरोबर लावलेली असते, मोटरच्या चेनचं त्याला कोण सांगणार? ते तुम्हीच सांगायचं, किंवा घरी येऊन स्वतः बघायचं.

पहिल्यांदा मोटरच्या पट्टीचे बोल्ट ढिले करून मोटरची चेन पूर्ण सैल सोडा. मग मागच्या चाकाचे नट ढिले करा, चाक मागे ओढा आणि फ्रेमच्या दोन्ही नळ्यांच्या बरोबर मध्ये आणा. टायर आणि नळी यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना बोटाने चाचपा. नट एकदम एका बाजूचा आवळू नका. थोडा उजवा, थोडा डावा. पायडलची चेन खालच्या बाजूला मधोमध वरखाली हलवली तर एकूण बारा-पंधरा मिमी हलायला हवी.

आता मोटर सरकवा. तिच्या चेनचं अंतर कमी असतं, तेव्हा तिला दहा मिमीच्या आसपास हालचाल पुरे. पण एकाच जागी मोजून थांबू नका. चाक हाताने उलटं फिरवत राहा (मोटरही सोबत फिरेल, थोडं जड लागेल) आणि चेन कुठे सगळ्यात ताठ होते ते शोधा. फ्रीव्हील कधीच पूर्ण गोल बसलेलं नसतं, त्यामुळे एका ठिकाणी चेन ताठ होते आणि समोरच्या बाजूला सैल. दहा मिमी मोजायचे ते ताठ जागेवर. सैल जागेवर मोजून ताणलीत तर दर फेऱ्याला एकदा चेन तारेसारखी ताणली जाते आणि मोटरचं बेअरिंग जातं. ती घरघर माझ्या ओळखीची आहे.

बोल्ट आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. आवळताना मोटर दोन-तीन मिमी फिरते. मी तीनदा केलं तेव्हा जमलं. शेवटी ब्रेक बघा. चाक सरकलं म्हणजे ब्रेकचे रबर रिमवरून टायरवर गेलेले असू शकतात, आणि ते उतारावर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं.

मागचं चाक पुन्हापुन्हा पुढे सरकत असेल तर चेन ॲडजस्टर (चाकाला मागे ओढून धरणारे स्क्रू) बसवा. पायडलची चेन उजवीकडून ओढते. मोटर डावीकडे असेल तर तिची चेन डावीकडून. दोघांच्या ओढाताणीत गुळगुळीत झालेले वायसर टिकत नाहीत.

पायरी पाचवी: एका रेषेत

मोटरचं स्प्रॉकेट आणि मागचं फ्रीव्हील एकाच पातळीत हवेत. दोरा घ्या, फ्रीव्हीलच्या सपाट अंगाला दोन ठिकाणी टेकवून पुढे मोटरपर्यंत ताणा. दोरा स्प्रॉकेटच्या अंगालाही तसाच टेकला पाहिजे. एखाद मिमीचा फरक चालतो. दोन-तीन मिमी असेल तर मोटर आणि पट्टीच्या मध्ये वायसर घालून किंवा काढून जुळवा. स्प्रॉकेट आणि फ्रीव्हीलची जाडी वेगळी असेल तर दोऱ्याच्या मापात तेवढं धरा.

हे सगळं बरोबर असूनही चेन उडत असेल, तर मगाचचा भिंतीचा व्हिडिओ परत काढा. या वेळी चेन बघू नका, मोटर बघा. पातळ पट्टीवरची मोटर जोर देताना चक्क मान तिरकी करते. उभ्या सायकलला सगळं रेषेत, चालताना नाही. माझ्या किटची पट्टी अशीच होती. फॅब्रिकेशनवाल्याकडून मोटरच्या दुसऱ्या टोकापासून फ्रेमच्या नळीपर्यंत एक छोटी आधाराची पट्टी बसवून घेतली, आणि खरं सांगायचं तर इतके दिवस बाकी जे काही केलं त्या सगळ्यापेक्षा या एका पट्टीने जास्त फरक पडला. नळीला वेल्डिंग करू देऊ नका. क्लॅम्पने धरा. सायकलची नळी पातळ असते.

चेन दाबून ठेवणारी छोटी पुली बसवायची असेल तर ती खालच्या बाजूला, मोटरच्या जवळ, चेनला बाहेरून वर दाबणारी हवी. जोर वरच्या बाजूने जातो, वरची चेन ताठ असते, सैल पडते ती खालची. खालून वर दाबल्यावर चेन छोट्या स्प्रॉकेटला जास्त वेढा घालते आणि चाराच्या जागी पाच दात पकडीत येतात. वरच्या बाजूला लावलेली पुली पहिल्या हिसक्याला वाकते.

फ्रीव्हील

आत दोन-तीन छोटे खटके असतात, मिस्तरी त्यांना कुत्ते म्हणतात. धूळ आणि सुकलेलं ग्रीस यांत ते चिकटले की दात पकडत नाहीत. फ्रीव्हीलच्या फटीत डिझेल सोडा, फिरवत राहा, काळं पाणी येणं थांबेपर्यंत. वाळल्यावर पातळ तेलाचे चार-पाच थेंब. ग्रीस भरू नका, थंडीत खटके पुन्हा चिकटतील. तरीही घसरलं तर नवं टाका, उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. डाव्या बाजूच्या मोटरचं फ्रीव्हील वेगळं असतं. उजवीकडचं तिथे बसवलं तर आटे चालता चालता सुटतात, आणि पुढे जाताना ते मोकळंच फिरतं.

गिअरवाल्या सायकलसाठी

एकाच गिअरवर चेन उडत असेल तर त्या चक्राचे दात गेले. तुमचा लाडका गिअर तोच असणार. सगळ्या गिअरवर उडत असेल तर चेन मोजा, आणि ठीक निघाली तर केबलकडे या.

चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर केबल सैल आहे. मागच्या गिअरजवळ (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) केबल जिथे शिरते तिथला, हाताने फिरवायचा छोटा बॅरल घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवा, गिअर टाकून बघा, मग पुन्हा पाव फेरा. लहान चक्रावर उतरायला कुरकुरत असेल तर बॅरल उलटा. एच आणि एल लिहिलेल्या दोन स्क्रूंना हात लावू नका. ते चेन शेवटच्या चक्रापलीकडे जाऊ नये म्हणून असतात, त्यांनी मधले गिअर जुळत नाहीत. तरी सगळे लोक आधी तेच फिरवतात. पावसाळ्यानंतर केबल आवरणात गंजून अडकते. ती बदलणं सोपं आणि स्वस्त.

केबलनेही जमलं नाही तर सायकलच्या मागे उकिडवं बसा आणि एक डोळा मिटून बघा. गिअरच्या दोन छोट्या पुल्या वरच्या चक्राच्या खाली सरळ रेषेत उभ्या हव्यात. तिरक्या दिसल्या तर गिअर ज्या कानाला अडकवलाय तो कान वाकलाय. स्टेशनच्या पार्किंगमध्ये सायकल उजव्या अंगावर एकदा पडली की तेवढं पुरतं. हे काम मात्र सायकल दुकानात द्या. अंदाजाने वाकवायला गेलं तर कान तुटतो.

पायडलपाशी मोटर असलेल्यांनी गिअर बदलताना थ्रॉटल सोडा आणि पाय हलके फिरवत ठेवा. भाराखाली बदललेला प्रत्येक गिअर दातांचा एक कण खातो.

आणि एक घट्ट कडी. चेनमध्ये एखादी कडी गंजून ताठ झाली की दर फेऱ्याला ठरावीक अंतराने एकच ‘टक’ येतो. चेन काढा, बोटांतून एकेक कडी सोडत जा, न वाकणारी सापडेल. तिच्यावर तेल टाकून ती आडवी मागेपुढे हलवली की बहुतेक मोकळी होते.

तेल

चेन डिझेलमध्ये टूथब्रशने धुवा, वाळवा, आतल्या बाजूने प्रत्येक नळीवर एक थेंब पातळ मशीन ऑइल किंवा चेनचं तेल, दहा मिनिटं थांबून बाहेरून कोरडी पुसा. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि त्याचा लेप कानसेसारखा काम करतो. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात धातूचा बारीक कीस असतो. खोबरेल तेलही नको. थंडीत ते डब्यात गोठतं तसं चेनमध्येही गोठतं. पावसाळ्यात आठवड्याला, एरवी दोन-तीन आठवड्यांनी.

वेग वाढवायला मागचं फ्रीव्हील लहान दातांचं टाकायचा मोह होतो. १८ च्या जागी १६ टाकलं तर माझ्या चाकावर वेग १९ वरून २१ किमीच्या आसपास जातो, पण चढावर मोटरची दमछाक होते. त्यापेक्षा जास्त व्होल्टची बॅटरी लावणारेही आहेत. चेन तर उडतेच, शिवाय नोंदणी न लागण्याची जी मर्यादा आहे, २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आत, ती ओलांडली की तुमची सायकल कायद्याच्या नजरेत सायकल राहत नाही.

सगळं बसवून झालं की पहिल्या ५० किमीनंतर नट पुन्हा तपासा. मी बहिणीची लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर उतरेल अशी एक रेघ ओढली आहे: चाकाच्या दोन नटांवर, मोटरच्या बोल्टांवर, आधाराच्या क्लॅम्पवर. सकाळी कुलूप काढताना वाकून एक नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली की नट सरकलाय.